लॅक्रॉसवर घर चालते का?

आपला प्रश्न असा आहे. आपले कुटुंब मूळचे नाशिकचे आणि गेली बारा वर्षे न्यू जर्सीत राहते. पंधरा वर्षांचा मुलगा शाळेच्या संघात लॅक्रॉस, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने (स्टिकने) चेंडू झेलून-फेकून गोल करण्याचा खेळ, खेळतो; बचावफळीत, लांब स्टिक घेऊन. महाविद्यालयानंतर हाच खेळ व्यवसाय म्हणून खेळायचा, असे त्याने घरात जाहीर केले आहे. आणि या खेळावर घर चालते का, शरीर किती वर्षे साथ देते आणि आत्तापासून काय करावे, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी स्वतः लॅक्रॉस खेळलेली नाही. मी सांगलीची, फिजिओथेरपी पुण्यात शिकले आणि गेली एकोणीस वर्षे मेरीलँडमध्ये खेळाडूंवर उपचार करते. हे राज्य म्हणजे या खेळाचे अमेरिकेतले एक जुने माहेरघर, त्यामुळे माझ्या टेबलावर शाळकरी मुलांपासून दोन्ही व्यावसायिक लीगमधल्या खेळाडूंपर्यंत सगळे येऊन गेले आहेत. पुढे जे लिहिते आहे ते त्यांच्या गुडघ्या-खांद्यांवरून आणि उपचार घेताना ते जे मोकळेपणाने बोलतात त्यावरून.

आधी थेट उत्तर देते. व्यावसायिक लॅक्रॉस हा खराखुरा पेशा आहे, त्यात करार असतो, मानधन असते, प्रेक्षक असतात आणि दूरचित्रवाणीही असते. पण बहुतेक खेळाडूंसाठी तो दुसरा पेशा असतो. सामना शनिवारी असतो आणि घर सोमवार ते शुक्रवारच्या कामावर चालते. आपल्याकडे कबड्डी किंवा कुस्ती खेळणाऱ्या मुलाला पोलीस, रेल्वे किंवा बँकेत खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळे आणि सामन्यांसाठी रजाही मिळे, हे आपण पाहिलेले आहे. अमेरिकेत तसा कोटा नाही. शुक्रवारी दुपारी विमान पकडू देणारा मालक खेळाडूला स्वतः शोधावा लागतो, आणि माझ्या पाहण्यात ज्यांची कारकीर्द आठ-दहा वर्षे टिकली त्यांनी खेळातली आपली जागा जितक्या विचाराने निवडली तितक्याच विचाराने ही नोकरी निवडली होती.

हे असे का होते, ते लीगच्या रचनेवरून कळेल. पुरुषांच्या दोन मोठ्या लीग आहेत. नॅशनल लॅक्रॉस लीग, म्हणजे एनएलएल, ही बंदिस्त सभागृहातल्या बॉक्स लॅक्रॉसची लीग आहे. आइस हॉकीच्या रिंगणात कृत्रिम हिरवळ अंथरून, चारही बाजूंच्या फळ्यांच्या आत, पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक असे संघ खेळतात. ती १९८७ मध्ये वेगळ्या नावाने चार संघांनिशी सुरू झाली, आणि आज प्रत्येक संघ डिसेंबरपासून वसंतापर्यंत १८ साखळी सामने खेळतो. दुसरी प्रीमियर लॅक्रॉस लीग, म्हणजे पीएलएल, ही मोकळ्या मैदानावरची. पॉल राबिल आणि माइक राबिल या भावांनी ती २०१८ मध्ये उभी केली, २०१९ मध्ये पहिला हंगाम झाला, आणि २००१ पासून चालत आलेली मेजर लीग लॅक्रॉस डिसेंबर २०२० मध्ये तिच्यात विलीन झाली. पीएलएलमध्ये आठ संघ आहेत आणि तिचा मुख्य हंगाम जून ते सप्टेंबर असा चालतो.

पीएलएलची खासियत अशी की संघ बहुतेक शनिवार-रविवारी एकाच शहरात जमतात, सामने खेळतात आणि पांगतात. २०२४ पासून संघांना बोस्टन, डेन्व्हर, फिलाडेल्फिया अशी शहरे किंवा मेरीलँड, युटा अशी राज्ये जोडून दिली आहेत, तरी फिरते वेळापत्रक कायम आहे. त्यामुळे खेळाडू ज्या शहराचे नाव छातीवर लावतो तिथे राहत असेलच असे नाही. तो कुठेही राहतो, आठवडाभर एकटा सराव करतो, आणि शुक्रवारी संघाला भेटतो. एनएलएलमध्येही कित्येक जण सामन्यापुरते विमानाने येतात. फिजिओथेरपिस्ट म्हणून मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही वाटते की संघाचा वैद्यकीय चमू अशा खेळाडूला आठवड्यातून दोन-तीन दिवस भेटतो. उरलेल्या चार-पाच दिवसांत बर्फ लावणे, ताण देणे, वजन उचलणे आणि झोपणे हे सगळे त्याचे त्याने करायचे असते. फुटबॉल किंवा बास्केटबॉलच्या खेळाडूला रोज सकाळी कोणीतरी 'गुडघा कसा आहे' असे विचारते; लॅक्रॉसवाल्याला ते विचारणारे बहुधा त्याची बायको असते.

पैशांचे आकडे मी जपूनच सांगते, कारण प्रत्येकाचा करार वेगळा असतो. पीएलएलची घोषणा झाली तेव्हा सरासरी हंगामी मानधन ३५ हजार डॉलरच्या आसपास असेल असे छापून आले होते, आणि त्याआधीच्या मैदानी लीगमध्ये हाच आकडा आठ हजारांच्या घरात होता. सोबत आरोग्य विमा आणि लीगच्या मालकीत थोडा वाटा, हे त्या वेळी नवे होते, आणि माझ्या दृष्टीने विमा हा मानधनापेक्षाही मोठा बदल होता. एनएलएलचे मानधन खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या सामूहिक करारानुसार ठरते आणि तेही एकट्याने घर चालवण्याइतके क्वचितच असते. तुलनेसाठी सांगते, मेरीलँडमध्ये सरकारी शाळेतल्या नव्या शिक्षकाचा किमान वार्षिक पगार २०२६ पर्यंत ६० हजार डॉलरवर नेण्याचा कायदा झालेला आहे. म्हणजे देशातल्या दोनशे सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक असणे आणि सातवीच्या वर्गाला गणित शिकवणे, यांत घरभाड्याच्या दृष्टीने दुसरे काम अधिक भरवशाचे आहे.

गणिताचे उदाहरण मी उगाच घेतलेले नाही. बफलो बँडिट्स संघाचा जॉन टव्हारेस हा एनएलएलमधला दंतकथा वाटावी असा खेळाडू. १९९२ ते २०१५ असे २४ हंगाम तो खेळला, त्याने ८१५ गोल केले, आणि हा सगळा काळ तो कॅनडात ऑन्टॅरिओमध्ये शाळेत गणित शिकवत होता. पुढे तो त्याच संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि संघाने २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन अजिंक्यपदे मिळवली. शाळेचे वेळापत्रक खेळाला सोयीचे असते, उन्हाळा मोकळा असतो आणि शनिवारी-रविवारी सुट्टी असते, हे खरेच. पण २४ हंगाम काढायला केवळ सोय पुरत नाही, एक प्रकारची संथ शिस्तही लागते. अग्निशमन दलातले खेळाडू मी पाहिले आहेत, कारण तिथे पाळ्या बदलून घेता येतात. विमा आणि वित्तसंस्थांमध्ये काम करणारेही पुष्कळ आहेत, कारण लॅक्रॉस खेळलेली माणसे त्या क्षेत्रात एकमेकांना ओळखीने आत घेतात. बांधकामावर अंगमेहनत करणारा एकच भेटला, आणि त्याची पाठ दोन हंगामांत बोलू लागली.

दुसऱ्या टोकाला पॉल राबिल आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून तो २००८ मध्ये बाहेर पडला तेव्हा तेव्हाच्या मैदानी लीगने, मेजर लीग लॅक्रॉसने, त्याला सर्वांत आधी निवडले, आणि पुढे तो लॅक्रॉसमधून दहा लाख डॉलर मिळवणारा पहिला खेळाडू म्हणून वर्तमानपत्रांत गाजला. ते लाख मानधनातून आलेले नव्हते. साहित्य बनवणाऱ्या कंपन्यांचे करार, शिबिरे, स्वतःचे चित्रफितींचे काम आणि पुढे थेट स्वतःची लीग, असा तो मार्ग होता. मुलगे राबिलचे नाव घेऊन माझ्याकडे येतात तेव्हा मी त्यांना एवढेच सांगते की त्याच्या कमाईत ताशी ११० मैलांच्या वर जाणाऱ्या फटक्याइतकाच वाटा त्याने केलेल्या फोनचाही होता. सर्वसाधारण खेळाडूची जोडकमाई याच जातीची, पण लहान असते: शनिवारी सामना संपला की रविवारी सकाळी त्याच शहरात दहा-बारा मुलांचा वर्ग, उन्हाळ्यात शिबिर, आणि एखाद्या क्लबमध्ये प्रशिक्षकपद. आपल्याकडे शेतीला दुधाचा जोडधंदा असतो आणि वाईट वर्षी दूधच घर सावरते, तसे हे वर्ग त्यांना सावरतात.

आता सोमवार सकाळ कशी असते ते सांगते, कारण आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथे आहे. माझा एक रुग्ण, नाव सांगत नाही, शाळेत शरीरशास्त्र शिकवतो आणि हिवाळ्यात बॉक्स व उन्हाळ्यात मैदान असे दोन्ही खेळतो. तो साडेसहाला येतो कारण साडेसातला त्याची पहिली तासिका असते. आदल्या रात्री अकराला तो विमानातून उतरलेला असतो. डाव्या हातावर, हातमोजा संपतो आणि कोपराचे संरक्षक कवच सुरू होते त्या चार बोटांच्या उघड्या पट्टीवर, स्टिकच्या फटक्यांचे निळे-जांभळे वळ एकावर एक बसलेले असतात. जुने पिवळे पडत असतात आणि त्यांवर नवे उमटलेले असतात. अंगठ्याचे पेर सुजलेले असते, कारण स्टिकच्या दांड्यावर सर्वांत उघडा राहणारा भाग तोच. मी अंगठा हलवून पाहते तेव्हा तो छताकडे बघत विचारतो, 'खडू धरता येईल ना?' खेळता येईल का, हे तो बुधवारच्या भेटीत विचारतो. हा क्रम मी अनेक खेळाडूंमध्ये पाहिला आहे आणि त्यात मला काहीही दुःखद वाटत नाही. त्याने आपले दोन्ही पेशे नीट ओळखलेले आहेत, एवढेच.

शरीराचा हिशेब असा आहे. वेगात दिशा बदलण्यामुळे गुडघ्याचे एसीएल अस्थिबंध तुटणे, घोटा मुरगळणे, धडकेत खांद्याच्या टोकाचा सांधा निखळणे, आणि मेंदूला हादरा बसणे, या चार गोष्टी सर्वांत जास्त वेळ खातात. बॉक्समध्ये फळ्या असतात, जागा कमी असते आणि दोन्ही हातांत धरलेल्या स्टिकने प्रतिस्पर्ध्याला रेटायला परवानगी असते, म्हणून फासळ्या आणि मनगटे अधिक दुखावतात. चेंडू भरीव रबराचा, सुमारे १४५ ग्रॅमचा असतो. तो नेमक्या क्षणी छातीवर बसला तर निरोगी हृदयाचा ठोकाही बिघडू शकतो. दुर्मीळ पण प्राणघातक असा हा प्रकार आहे. म्हणूनच मुलांच्या आणि पुरुषांच्या खेळात २०२२ पासून मैदानी खेळाडूंच्या खांदाकवचात हृदयाच्या जागी प्रमाणित संरक्षक भाग सक्तीचा झाला. मोठ्या भावाचे किंवा शेजाऱ्याचे जुने कवच मुलाला देण्याची काटकसर कृपया करू नये, आणि मैदानावर हृदयाला विद्युतधक्का देणारे यंत्र कुठे ठेवले आहे हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

तुटलेल्या अस्थिबंधापेक्षा मला अधिक भीती वाटते ती न थांबण्याची. सोळा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे कंबरदुखी घेऊन आला. वसंतात शाळेचा संघ, उन्हाळ्यात क्लबच्या स्पर्धा, शरदात पुन्हा क्लब आणि हिवाळ्यात बंदिस्त मैदान, असे त्याचे तीन वर्षे चालले होते, आणि प्रत्येक फटका तो उजव्याच हाताने मारत असे. मागे वाकून उजवीकडे वळला की एका ठरावीक जागी, एका बोटाने दाखवता येईल इतक्या नेमक्या ठिकाणी, कळ येत असे. स्नायू आखडला असेल म्हणून घरी महिनाभर शेकले गेले होते. तपासणीत कमरेच्या पाचव्या मणक्याच्या मागच्या कमानीत ताणामुळे पडलेली बारीक भेग निघाली. त्याचे आईवडील त्याच्या पाठीपेक्षा येणाऱ्या उन्हाळ्याच्या काळजीत होते, कारण तो उन्हाळा महाविद्यालयांच्या प्रशिक्षकांनी बघण्याचा होता. मी त्यांना तीन महिने पूर्ण विश्रांती सांगितली. त्यांनी ती सहा आठवडे पाळली. भेग भरायला मग सात महिने लागले. या गोष्टीत माझीही चूक होती. मी त्यांना सूचना दिल्या, पण तो उन्हाळा बुडाला तर नेमके काय बुडेल आणि काय बुडणार नाही, हे समजावून सांगितले नाही.

ते आपल्याला सांगते. २०१७ मध्ये झालेल्या नियमानुसार खेळातल्या सर्वांत वरच्या, म्हणजे पहिल्या श्रेणीतल्या (डिव्हिजन वन) महाविद्यालयांचे प्रशिक्षक खेळाडूशी अकरावीच्या वर्षातल्या १ सप्टेंबरपासूनच थेट बोलू शकतात. त्याआधी आठवी-नववीतल्या मुलांना तोंडी वचने दिली जात, तो प्रकार या नियमाने थांबला. त्यामुळे आपल्या मुलासाठी दहावीनंतरचा उन्हाळा महत्त्वाचा आहे, पण तो एकमेव नाही. प्रशिक्षक नंतरही बघत असतात, आणि पाठीत भेग असलेला खेळाडू कोणालाच नको असतो. क्लब, प्रवास आणि हॉटेल मिळून एका उन्हाळ्यात काही हजार डॉलर सहज जातात. हा खर्च शिष्यवृत्तीतून वसूल होईल अशी अपेक्षा ठेवू नये. पहिल्या श्रेणीच्या पुरुष संघांना अनेक वर्षे जास्तीत जास्त १२.६ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, आणि त्या चाळीस-पन्नास मुलांत तुकड्या-तुकड्यांनी वाटल्या जात. २०२५ ची न्यायालयीन तडजोड स्वीकारलेल्या महाविद्यालयांत ती मर्यादा जाऊन तिच्या जागी ४८ खेळाडूंची संघमर्यादा आली, पण सगळी महाविद्यालये अठ्ठेचाळीस जणांना पैसे देतील असे नाही. प्रिन्स्टन, येल, कॉर्नेल यांसारखी आयव्ही लीगची विद्यापीठे खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत, आणि तरीही २०२५ चे राष्ट्रीय अजिंक्यपद कॉर्नेलने जिंकले. खेळाचा सर्वांत मोठा आर्थिक लाभ कोणता, असे कोणी विचारले तर मी प्रवेश असे उत्तर देते: केवळ गुणांवर जे महाविद्यालय मिळाले नसते तिथला प्रवेश. आपण मराठी आईवडील आहोत, हा हिशेब आपल्याला वेगळा शिकवावा लागत नाही.

महाविद्यालयातून लीगमध्ये जाण्याची वाट किती अरुंद आहे, हेही पाहावे. पहिल्या श्रेणीत पुरुषांचे पंच्याहत्तरच्या आसपास संघ आहेत आणि दर वर्षी त्यांतून शेकडो खेळाडू बाहेर पडतात. पीएलएलच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) चार फेऱ्या आणि ३२ नावे असतात. महाविद्यालयीन अंतिम सामना मेअखेर होतो आणि लीग जूनच्या सुरुवातीला चालू होते, म्हणजे तोपर्यंत परीक्षा देणारा मुलगा पंधरा दिवसांत तिशीतल्या बचावपटूसमोर उभा असतो. निवडलेल्या बत्तीसांपैकीही सगळे संघात टिकत नाहीत.

आता आपल्या मुलाच्या जागेविषयी, कारण इथे मला खरोखर काही सांगायचे आहे. मैदानी लॅक्रॉसमध्ये बचावपटूची स्टिक सुमारे सहा फुटांपर्यंत लांब असते, तर आक्रमकांची साडेतीन फुटांच्या आत. लांब स्टिकवाला, ज्याला सगळे 'पोल' म्हणतात, दुरूनच फटका अडवतो, हिसका देतो आणि चेंडू पाडतो. ही एक स्वतंत्र कला आहे आणि शाळेत उंच मुलाला ती लवकर साधते. पण बॉक्समध्ये लांब स्टिक नसते. ऑलिंपिकसाठी निवडलेल्या, सहा-सहा खेळाडूंच्या सिक्सेस प्रकारातही नसते. म्हणजे लॅक्रॉसच्या तीन प्रकारांपैकी एकाच प्रकारात पोलला जागा आहे, आणि त्या प्रकारातली व्यावसायिक लीग आठ संघांची आहे. प्रत्येक संघात सहा-सात पोल धरले तरी, हा माझा ढोबळ अंदाज आहे, जगभरात मिळून पन्नास-पंचावन्न जागा होतात. याच अर्थाने मी म्हणते की मुलाने लांब स्टिक सोडू नये, पण लहान स्टिक हातात असणे ही त्याची दुसरी नोकरी समजावी.

एका जागेवर सगळे लावले तर काय होते, याचे उदाहरण फेसऑफवाल्यांचे आहे. गोल झाल्यावर खेळ पुन्हा सुरू करताना दोन खेळाडू चेंडूवर ओणवे होतात आणि शिट्टीबरोबर तो ओढतात. यातले निष्णात खेळाडू तेवढेच काम करून मैदानाबाहेर जातात. त्यांचे मनगट आणि नितंबाचा सांधा मी नुसत्या हालचालीवरून ओळखू शकते. २०२१ च्या हंगामापासून महाविद्यालयीन नियमांनी गुडघा टेकायला आणि मोटारसायकलच्या मुठीसारखी पकड घ्यायला बंदी केली, आणि वर्षानुवर्षे त्या एकाच पकडीवर मेहनत केलेल्या मुलांना हात, पाय, कंबर सगळे नव्याने शिकावे लागले. सिक्सेसमध्ये तर फेसऑफ फक्त प्रत्येक चतुर्थांशाच्या सुरुवातीला होतो. गोलनंतर गोलरक्षकच खेळ सुरू करतो. नियमांच्या एका पानाने एखादी खासियत निरुपयोगी होऊ शकते.

उलट उदाहरण टॉम श्रायबरचे. प्रिन्स्टनचा हा अमेरिकन मिडफिल्डर २०१४ मध्ये मैदानी लीगच्या निवडीत पहिला होता. त्याने मग कॅनडात जाऊन बॉक्स शिकून घेतले, टोरांटो रॉक संघाकडून २०१७ मध्ये एनएलएलचा सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि पुढे पीएलएलमध्ये आर्चर्स संघाबरोबर २०२३ आणि २०२४ ची अजिंक्यपदेही जिंकली. बॉक्समध्ये गोल छोटा आणि गोलरक्षक अंगभर कवच घालून जवळजवळ सगळी चौकट भरून उभा असतो. तिथे जोराने काही होत नाही, मनगटाने फसवावे लागते. ते मनगट मैदानावरही कामी येते.

ऑलिंपिकचा विषय निघालाच आहे. लॅक्रॉस १९०४ आणि १९०८ मध्ये पदकासाठी खेळले गेले होते. २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत ते परत येत आहे, आणि हा निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात झाला. त्या दिवशी क्रिकेटही ऑलिंपिकमध्ये आले, म्हणून आपल्याकडच्या बातम्यांत लॅक्रॉस एका ओळीत संपले. पुरुष आणि महिला असे प्रत्येकी सहा संघ, प्रत्येक संघात बारा खेळाडू, एवढाच तो पसारा आहे. भारताकडून खेळता येईल का, असे आपण विचारले आहे. ऑलिंपिकमध्ये खेळाडू त्या देशाचा नागरिक असावा लागतो. ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे, आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. मुलगा अमेरिकन नागरिक असेल तर ही वाट कागदावरच अवघड आहे. तो अजून आपल्या एच-१बीवर अवलंबून असेल, तर वेगळी काळजी आहे: एकविसाव्या वर्षी त्याचे अवलंबित्व संपेल, विद्यार्थी व्हिसावर नावाच्या जाहिरातीतून कमाई करणे धोक्याचे असते, आणि व्यावसायिक करारासाठी खेळाडूंचा स्वतंत्र व्हिसा लागतो. या एका बाबतीत महाविद्यालयाच्या प्रशिक्षकाचा शब्द प्रमाण मानू नये, वकिलाला भेटावे.

त्याच ऑलिंपिकबाबत एक गोष्ट अजून अडकून पडलेली आहे, आणि आपल्या मुलाला ती ठाऊक असावी असे मला वाटते. हा खेळ हौडेनोसौनी आणि उत्तर अमेरिकेतल्या इतर आदिवासी राष्ट्रांचा आहे. त्यांच्याकडे तो औषध मानला जातो, आजाऱ्याला बरे वाटावे म्हणून खेळला जातो, आणि मुलाच्या पाळण्यात स्टिक ठेवण्याची रीत सांगतात. हौडेनोसौनी जागतिक स्पर्धेत स्वतःच्या ध्वजाखाली खेळतात. २०२३ मध्ये सॅन डिएगोच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक मिळवले. पण ऑलिंपिक समिती राष्ट्रीय ऑलिंपिक समित्यांनाच ओळखते, आणि हौडेनोसौनींची तशी समिती मान्य झालेली नाही. २०१० मध्ये तर स्वतःच्या पासपोर्टवर प्रवास करण्याच्या आग्रहामुळे त्यांचा संघ इंग्लंडमधल्या जागतिक स्पर्धेला पोहोचूच शकला नाही. हौडेनोसौनींपैकी ओनोंडागा राष्ट्राचा लायल थॉम्प्सन, लांब वेणी पाठीवर सोडून खेळणारा, २०१४ आणि २०१५ असा दोनदा महाविद्यालयातला सर्वोच्च पुरस्कार मिळवणारा, पहिल्या वर्षी भाऊ माइल्सबरोबर विभागून. त्याचा खेळ मुलाला जरूर दाखवावा. चेंडू ओंजळीत धरल्यासारखा तो स्टिकमध्ये धरतो.

मुलीविषयी आपण विचारलेले नाही, पण धाकटी बहीणही खेळते असे लिहिले आहे, म्हणून दोन वाक्ये. महिलांच्या खेळात अंगाने धडकायला परवानगी नाही आणि नियम बरेच वेगळे आहेत. व्यावसायिक बाजू अजून लहान आहे, पण २०२५ मध्ये पीएलएलने चार संघांची महिला लीग सिक्सेस प्रकारात सुरू केली आणि बोस्टन कॉलेजकडून खेळून गेलेल्या चार्लट नॉर्थसारखी खेळाडू आज मुलांनाही ठाऊक असते.

आता या हिवाळ्यात काय करावे. ऑगस्टपासून त्याचा एकही महिना मोकळा गेलेला नसेल, तर डिसेंबरपासून पाच आठवडे स्टिक कपाटात ठेवावी आणि त्याला पोहू किंवा बास्केटबॉल खेळू द्यावे. जानेवारीत जवळपास बॉक्सची लीग असेल तर तिथे नाव घालावे, आणि मुद्दाम लहान स्टिक द्यावी. घराच्या मागे विटांची भिंत असेल तर रोज वीस मिनिटे चेंडू भिंतीवर मारून झेलायचा, दहा मिनिटे उजव्या हाताने आणि दहा मिनिटे डाव्या. पहिले पंधरा दिवस डाव्या हाताचा चेंडू शेजाऱ्यांच्या अंगणात जाईल. त्यांना आधी सांगून ठेवावे. आणि कंबर एका बोटाने दाखवण्याइतकी एकाच जागी दुखते असे तो कधी म्हणाला, तर शेकत बसू नये, त्याच आठवड्यात दाखवावे.